आईच्या आवाजाचे एकोणीस डाउनलोड

३ फेब्रुवारी
एकोणीस! महिना झाला, डाउनलोड एकोणीसच. त्यातले चार माझेच — नीट उतरतंय का बघायला.
अंध लोकांना स्क्रीन वाचून दाखवणारं ते फुकटचं सॉफ्टवेअर, त्याला मी मराठी आवाजाचं ॲड-ऑन केलंय. आवाज आईचा. जन्मभर अंगणवाडीत गोष्टी सांगितलेला! दिवाळीभर तिला पंखा बंद करून माइकसमोर बसवलं. घामाघूम झाली, पण कुरकुरली नाही.

५ फेब्रुवारी
आईने आकडा विचारलाच. सांगितला.
"माझाच आवाज घोगरा गं अंजली. कोण घेणार?" आणि मेथी निवडायला बसली. मला कसंतरीच झालं.
त्या दुसऱ्या मराठी आवाजाला दोन लाख! मेला पूर्णविरामालासुद्धा थांबत नाही, पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा वाचतो. पण तो दुसऱ्या कशाबरोबर तरी आपोआप उतरतो, मग आकडा फुगणारच. आईला समजावलं. "बरं बाई," म्हणाली. म्हणजे पटलं नाही.

९ फेब्रुवारी
एकशे बारा!! आईला मिठीच मारली. ती नुसती गालात हसते.

१० फेब्रुवारी
कळलं! काल विहारात वंदना झाल्यावर हिने सगळ्या बायकांना फोनवर लिंक दाबायला लावली. "कुसाबाईने तर तीनदा दाबलं!" — वर हे कौतुकाने सांगते. अगं, ते फोनवर चालतच नाही, कॉम्प्युटर लागतो! "चालायचं कशाला? आकडा वाढला ना?"
पोट दुखेपर्यंत हसले. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे खरे एकोणीसच ना गं?"
रात्री धड जेवली नाही. वेडी माझी!

१४ फेब्रुवारी
आकडा बघायचा नाही असं ठरवलं. दोनदा बघितला.

१७ फेब्रुवारी
कळवणहून फोन. अंध मुलींच्या वसतिगृहातल्या संध्या मॅडम. "ताई, हितं नेट कुठं टिकतं! एकदाच उतरवलं, मग पेनड्राइव्हनं सगळ्या कॉम्प्युटरवर टाकलं. सुरगाण्याच्या शाळेलाबी दिलं. पोरी दुसरा आवाज लावूच देत नाय."
फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे खोलीभर आईच वाचत होती — कुठे इतिहास, कुठे भूगोल.
"ह्या बाई कोण हायेत ओ? पोरी आजी म्हणतात."
आई पदराला हात पुसत आली. "मीच गं ती."
तिकडचे सगळे आवाज बंद झाले. मग एक बारकी पोरगी म्हणाली, "आजी, जेवलीस का?"