सरकलेल्या खुणेबाबत

मी, गाड्यांचा मिस्त्री, वय वर्षे त्र्याहत्तर, आज सकाळी चहा पिऊन, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हा कागद लिहीत आहे. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. डॉक्टरांनी हृदयाचा कागद पुढे धरून "आता आवराआवर करा" असे सांगितले, त्याला दबाव म्हणत असतील तर तेवढा आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात गॅरेज परक्याला विकून टाका असे लिहिले होते, आणि ते रागात लिहिले होते.

१. राहते घर, माळ्यासकट, माझ्या धाकट्या मुलाला. त्याला पाना कोणत्या बाजूला फिरवायचा हे अजून कळलेले नाही, पण आईच्या आजारपणात रजा टाकून तीन महिने तो तिच्या उशाशी बसला होता. घरातले नळ मात्र त्याने स्वतः दुरुस्त करू नयेत.

२. बँकेत जे असेल ते दोन्ही मुलांना सारखे. यावर चर्चा नको.

३. शेजारच्या प्लंबरला माझा मोठा पाइप पाना. त्याने तो दोन दिवसांसाठी म्हणून नेला आणि आठ महिन्यांनी दाते झिजवून परत आणला. त्याच्याच हातून झिजला आहे, आता त्यालाच लखलाभ.

४. गॅरेज, त्यातली सर्व हत्यारे, टायमिंग लाइट आणि बाहेरची पाटी माझ्या थोरल्या मुलीला. याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा शेवटी विरघळला.

थोरलीने माझ्याबरोबर बारा वर्षे काम केले. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी तिला कधी सांगितले नाही. नऊ वर्षांपूर्वी तिच्या आईच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर गेला. कोणत्या सिलिंडरला ठिणगी कधी द्यायची, ते हा भाग ठरवतो. मूळ कंपनीचा मिळेना, म्हणून थोरलीने बाजार पालथा घालून दुसऱ्या कंपनीचा आणला. मी तो बसवला, ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट धरला, इंजिनाच्या पुलीवरची खूण पुस्तकातल्या आकड्याला आणली आणि बोल्ट आवळला. गाडी पळायची बरी, पण उभी राहिली की इंजिन थरथरायचे आणि बंद पडायचे.

थोरली म्हणाली, "बाबा, खूणच सरकली असेल. एक नंबरचा प्लग काढून पिस्टन वर आणून बघा, मग ठरवा."

गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइके उभी होती. मी म्हणालो, "चाळीस वर्षं मी खुणेवर टायमिंग लावतोय. खूण खोटी आणि तू तेवढी खरी? तू आणलेला मालच टाकाऊ आहे."

तिने अंगातला डगला काढून खुंटीला अडकवला आणि ती गेली. दोन गल्ल्या पलीकडे तिने स्वतःचे गॅरेज काढले. दर रविवारी घरी येते, माझ्या गोळ्या तपासते, हवापाण्याचे बोलते. इंजिनाचा विषय निघाला की भांडी घासायला उठते.

५. सदर गाडी, आहे त्या अवस्थेत, थोरलीलाच.

तिची आई पुढे दोन वर्षे ती गाडी घेऊन शाळेत शिकवायला जात होती. सिग्नलला थांबली की पायाच्या बोटांनी ब्रेक आणि इंजिन बंद पडू नये म्हणून त्याच पायाच्या टाचेने ॲक्सिलरेटर. थोरलीने अर्ध्या तासात काम केले असते. मी एकदा विचारले, तर म्हणाली, "तिच्याकडे नेली तर गल्लीत तुमचं नाक कापलं जाईल. माझा पाय दुखला तर दुखू दे." ती वारली तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती.

गेल्या आठवड्यात भंगारात द्यावी म्हणून ताडपत्री काढली. दुसरी बॅटरी लावून सुरू केली, तर तशीच थरथरली. मग आजूबाजूला कोणी नाही असे बघून मी एक नंबरचा प्लग काढला, भोकात तिच्या आईची विणायची सुई सोडली आणि हाताने पुली फिरवत पिस्टन अगदी वर आणला. खूण शून्यावर हवी होती. ती बोटभर बाजूला होती. पुलीची बाहेरची कडी रबराने चिकटवलेली असते. रबर कुजले होते आणि कडी खुणेसकट सरकली होती. जुना डिस्ट्रिब्युटर कडी सरकण्याआधी लावलेला, म्हणून चालत होता. नवा मी सरकलेल्या खुणेवर लावला आणि दोष मालाला दिला, माल आणणारीला दिला.

पाना हातातच होता. बोल्ट ढिला करून डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवायचा, एवढेच काम. मी ते केले नाही. सुचले तिला होते, ते तिच्याच हातून व्हावे.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. कलम चार आणि पाच त्याला अपवाद आहेत. उद्या सकाळी मी ही गाडी घेऊन थोरलीच्या गॅरेजवर जाणार आहे. मध्ये बंद पडली तर ढकलत नेईन. तिथे माझ्या तोंडातून शब्द फुटेल याची खात्री नाही, सवय नाही. म्हणून या कागदाचे साक्षीदार शिंपीदादा यांनी बरोबर येऊन एवढे वाचावे: मी चुकलो. तू बरोबर होतीस. तू दर रविवारी घरी येतेस, तरी मला तुझी फार आठवण येते.

७. त्या दिवशीच्या चार गिऱ्हाइकांपैकी दोघे आता हयात नाहीत. उरलेल्या दोघांना मी मुद्दाम साक्षीला बोलावले आहे. ज्यांच्यासमोर बोललो, त्यांच्यासमोरच शब्द मागे घेतो. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणतात, त्यामुळे दोघांना फक्त चहा.

ठिकाण: माझे गॅरेज, सदर गाडीच्या बॉनेटवर
दिनांक: ११ सप्टेंबर २०१७
सही: मिस्त्री

साक्षीदार पहिला, शिंपी: मिस्त्रींनी माझ्यासमोर सही केली. उद्या वाचायला येतो.

साक्षीदार दुसरा, बेकरीवाला: माझ्यासमोर सही झाली. त्या दिवशी पोरगी इथून निघाली ती माझ्या दुकानाच्या पायरीवर दुकान बंद होईपर्यंत बसली होती. कोणी बोलवायला येतंय का, ते बघत होती. हे मी मिस्त्रींना आजवर सांगितले नव्हते.