दाराची बिजागरी

धाकट्या,

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण वाचलंस तर तू येणंच बंद करशील.

बेकरीत तू न बघता पीठ मळायचं मशीन सुरू केलंस आणि माझी दोन बोटं गेली. मी तुला तेव्हाच माफ केलं. तरी दर रविवारी चर्च सुटलं की तू पाना-पक्कड घेऊन येतोस, माझ्या दाराची बिजागरी आवळतोस आणि उंबऱ्यावरूनच परत जातोस. जेव म्हटलं तर नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर समोर आली तरी मान खाली, घेत नाहीस. "माझं प्रायश्चित्त अजून पुरं झालं नाही, ताई," म्हणतोस. अरे शहाण्या, तूच फेडणार होतास, तर तो क्रुसावर कशाला गेला? त्याने तुझं पाप आपल्या अंगावर घेतलं, आणि तू ते परत मागत बसलायस!

पण तुला बोलून मी तरी नामानिराळी कशी राहू? ती बिजागरी दर शनिवारी मीच ढिली करते. काम नसलं तर तू फिरकणार नाहीस, ही भीती. म्हणजे तुझी शिक्षा मीच चालू ठेवली की!

आज मी सगळे स्क्रू पक्के आवळलेत. उद्या येशील तेव्हा दार सताड उघडं असेल, दोन ताटं वाढलेली असतील आणि दुरुस्त करायला घरात काहीही नसेल.

मला आठ बोटांनी जमलं. तुला रिकाम्या हातांनी आत येणं जमतंय का, बघू.

तुझीच,
ताई