कुठेच न मोजलेला

मोंटाना, १२ ऑक्टोबर १९९२

प्रिय आईस,

मी बरा आहे, पोटभर जेवतो. तुझा खोकला कसा आहे?

प्रचाराला दारोदार फिरतोय. यादीत नावं आहेत, पण घरं ओस पडलीत. आज एकाच घरात म्हातारी भेटली. म्हणाली, "उशिरा आलास रे! जनगणनेत माणसं कमी भरली, म्हणून राज्याच्या दोन खासदारांचा एक झाला. तू तरी मोजला गेलास ना?"

जनगणनेच्या वेळी मी कॉलेज सोडून, जिच्यावर जीव जडला होता त्या लिडियामागे गेलो होतो. मोजणीत तू मला कॉलेजात आहे असं धरलंस, कॉलेजने घरी आहे असं. लिडियाने तर दारही उघडलं नाही. आता प्रत्येक रिकाम्या घराच्या खिडकीत मीच उभा दिसतो.

मतदानाला घरी येतोय. बाबांचा राग गेला नसला, तरी ताटं मांडताना मला मोज.

तुझाच,
आयनार