कोजागिरीला गच्चीवरचा चहा

कुळगाव, बदलापूर
१० सप्टेंबर २०२५

ती. हिमानीताईस,
शलाकाचा शि. सा. न. वि. वि.

ताई, तू म्हणशील मेसेज टाकायचा सोडून ही पत्र काय लिहिते. तर फॅमिली ग्रुपवर काही टाकलं की काकू ते मोठ्याने वाचते, आणि फोनवर माझी दातखीळ बसते. मागच्या वेळी तू हॅलो हॅलो करत होतीस आणि मी इकडे नुसती मान हलवत होते. कागदाचं बरं असतं, तो मध्ये बोलत नाही.

आता मुद्दा. उल्हासनगरला आपण ज्यांच्याकडून सुटा चहा आणतो ना, ते लछमनदास सेठ, त्यांनी मला कामावर ये म्हटलंय. दाणेदार ममरी आणि भुकटीसारखी डस्ट मिक्स करायची, कप लावायचे, चव घ्यायची. ते सगळं शिकवणार. मी कसंतरी सांगितलं की मला बोलायला जमत नाही. तर म्हणाले, बहोत अच्छा बेटा, इथे तोंड फक्त चाखायला लागतं, बोलायला मी आहे ना. दिवाळीची गर्दी येते म्हणून कोजागिरीपर्यंत सांग, नाहीतर दुसरी पोरगी बघतो म्हणाले. ताई, नववीतून शाळा सोडून गावाहून तुमच्याकडे राहायला आल्यापासून मला पहिल्यांदा कुणीतरी ‘ये’ म्हटलंय. बाकी सगळे ‘जरा सरक’ म्हणतात.

मला तर विचारवेना, काकूने विचारलं. काका म्हणाले, आपल्या घराण्यात कुणी तराजू धरलेला नाही. आपल्या रक्तात ऑफिस आहे. स्वतः अंबरनाथच्या फॅक्टरीत ऑफिसर होते ते परत एकदा सांगितलं. आणि हिची शाळा सुटली ते हिच्या आईकडचं रक्त, असं पण म्हणाले. मी तिथेच मटार सोलत बसले होते.

मग काकांनी गच्चीकडे बोट दाखवलं. तू चहाच्या संशोधनाला गेलीस त्या पहिल्या दिवाळीला आसामहून चहाचं बी आणलंस, त्याची चार झाडं आता कमरेएवढी झालीयेत. काका सगळ्या सोसायटीला सांगतात की माझ्या मुलीने कमी कॅफीनचं खानदानी बी आणलंय, आई खानदानी म्हणजे पोरं खानदानी. चेअरमन असल्यामुळे त्यांनी ठरावच केलाय, यंदा कोजागिरीला मसाला दूध बंद, गच्चीवरचा चहा. लोकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्यांनी तुला विचारायला सांगितलंय की चहाला सुगंध कशाने येतो आणि कडूपणा कसा कमी करायचा. मी विचारते की त्यांना माझ्याबद्दल कोण सांगणार. तूच सांग ना, प्लीज.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
शलाका


जोरहाट
१७ सप्टेंबर

चि. शलाकास,
खूप आशीर्वाद आणि एक टपली.

तुझं पत्र मी मळ्यात उभी राहून वाचलं. शेजारच्या बायका विचारत होत्या की कुणाचं लव्हलेटर आलंय.

आधी बाबांचं. चहाच्या झाडात कॅफीन बनवणारा एक जीन असतो. कोवळ्या पानात तो जास्त जोरात काम करतो, कारण किड्यांना तेच पान आवडतं आणि कॅफीन हे झाडाचं त्यांना हाकलायचं औषध. काही जंगली झाडांत हा जीन थोडा वेगळा असतो. मग कॅफीन बनायचं काम अर्ध्या रस्त्यात थांबतं आणि दुसरंच काहीतरी तयार होतं. चहाला जी गोडसर चव येते ती मुळात बनते आणि वर पानात चढते. फार ऊन लागलं की ती कमी होते आणि कडूपणा वाढतो, म्हणून काही ठिकाणी झाडांवर सावली करतात. सुगंधाची तर गंमतच आहे. हिरवे तुडतुडे पानाला चावले की झाड घाबरून काही जीन चालू करतं आणि त्यातून फुलांसारखा वास येतो. असला चावलेला चहा महाग विकतात.

आता तुझं. मी बाबांना काही सांगणार नाही. रागावू नकोस. मी काहीही बोलले तरी त्यांना जे पाहिजे तेच ऐकू येतं. मी आसामला जाते म्हटलं तेव्हा त्यांनी आठवडाभर सगळ्यांना औरंगाबाद सांगितलं होतं. तुझं वाक्य तूच बोल. एकच तर वाक्य आहे.

आईला नमस्कार. आठवण ठेव, मी पण ठेवते.
हिमानी


कुळगाव
२६ सप्टेंबर

ती. हिमानीताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तू हे काय करून ठेवलंस! तुझं पत्र चहाबद्दल जेवढं होतं तेवढं मी काकांना वाचून दाखवलं. ते तुडतुडे ऐकल्याबरोबर उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी पालिकेची धुराची गाडी आली होती फवारणीला. काकांनी गेटवरूनच परत पाठवली. म्हणाले, आमच्या सोसायटीत कीटकांवर संशोधन चालू आहे.

आता तुडतुडे किती आले माहीत नाही, पण मच्छर फुल फॅमिलीसकट आलेत. दुसऱ्या मजल्यावरचे कमळाकरकाका जिन्यात भेटले की नुसते हात दाखवतात, सगळीकडे लाल फोड. त्यांची सून तेजस्वी तापाने फणफणली, ब्लड टेस्ट करावी लागली. नशीब, साधा ताप निघाला. कमळाकरकाका म्हणाले, हेमचंद्र, आम्हाला चावून तुझ्या चहाला वास येणार आहे का? काका म्हणाले, थोडं सहन करा, मळ्यातल्या बायका करतातच ना.

आणि सावली! वाढदिवसाला पोरांनी काकांचा मोठा फ्लेक्स लावला होता ना नाक्यावर, गॉगलवाला, तो त्यांनी जपून ठेवला होता. तो झाडांवर बांधलाय. खाली चहा आणि वरून काका हात जोडून बघतायत. एक झाड फ्लेक्सच्या बाहेर राहिलं, ते मी कोपऱ्यात सरकवलं.

पानं मी नीट बघितली. आमच्या गावाला भेंडीवर तुडतुडे असतात, मला ओळखता येतात. फ्लेक्सखालच्या तीन झाडांवर एक पण नाही. पांढरा चिकट मावा मात्र भरपूर. काकांना सांगायला गेले तर म्हणाले, विज्ञानात घाई करत नाहीत.

आणि ताई, चारही झाडं एकमेकांसारखी दिसत नाहीत. एकाचं पान हाताएवढं, एकाचं बोटाएवढं. हे असं का? सगळी एकाच आईची ना?

माझं वाक्य मी रोज मोरीत नळ चालू करून बोलते. नळ बंद केला की बंद होतं. सेठचा मुलगा परवा विचारत होता, फायनल क्या है? मी चहा घेतला आणि पळाले.

रागावले नाही तुझ्यावर, थोडी रागावलेय. तरी आठवण काढत राहा.
शलाका


जोरहाट
१ ऑक्टोबर

चि. शलाकास,
आशीर्वाद.

स्पीड पोस्टने पाठवतेय, कोजागिरीच्या आत मिळायला पाहिजे.

गाडी परत बोलवा! मी तुडतुडे म्हटलं होतं, मच्छर नाही. बाबांना सांग की मच्छर चहा पीत नाही.

झाडं वेगळी का, तर ऐक. चहाचं फूल सहसा स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, त्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. तो कुठल्या झाडाचा, ते फक्त माशीला माहीत. म्हणून प्रत्येक बी म्हणजे जीनची नवीन भेसळ. एका झाडाच्या शंभर बिया लाव, शंभर तऱ्हा निघतील. आईसारखंच झाड पाहिजे असेल तर बी नाही, कलम लावावं लागतं. आणि खरं सांगू? ते बी मी बसची वाट बघताना रस्त्याकडेच्या झाडाखाली वेचलं होतं. खानदानीबिनदानी काही नाही. बाबांनी कमी कॅफीन कुठून आणलं, त्यांनाच ठाऊक.

तुझा नळ बंद कर आणि बोल.

जीव लाव आमच्यावर असाच.
हिमानी


कुळगाव
८ ऑक्टोबर

ती. हिमानीताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं ताई! नीट सांगते.

परवा कोजागिरी झाली. गच्चीत सतरंज्या, वरती चंद्र आणि काकांचा फ्लेक्स. तुझं पत्र मी काकांना सकाळीच दिलं होतं. ते वाचून त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि धुराची गाडी मात्र गुपचूप बोलावली. रस्त्याकडेच्या बीचं एक अक्षर बोलले नाहीत. भाषण तेच, खानदानी बी, खानदानी झाड.

चारही झाडांची पानं काकूने वेगवेगळी वाळवून ठेवली होती. चार पातेली. मी ट्रे घेऊन फिरत होते. पहिला चहा असला कडू की तेजस्वीवहिनी म्हणाली, तापाचं औषध बरं होतं. दुसरा ओल्या गवतासारखा. तिसऱ्याला चवच नाही, गरम पाणी. चौथा म्हणजे कोपऱ्यातल्या, फ्लेक्सबाहेरच्या झाडाचा. मी चमच्याने चाखला होता आधी. ताई, त्याला खरंच फुलाचा वास होता, क्षणभर. पण तो एकच कप झाला आणि कमळाकरकाकांनी त्यात तीन चमचे साखर ढवळून संपवला. वर म्हणाले, हा पण फालतू.

मग ते उभे राहिले. म्हणाले, चेअरमनसाहेब, एका आईच्या चार बिया आणि चार तऱ्हा? तुम्ही तर म्हणता सगळं रक्तात असतं. मग तुमच्या खानदानी रक्ताचं हे काय झालं?

सगळे हसले. काकांचा चेहरा असा झाला की मला पण वाईट वाटलं. खिशातल्या तुझ्या पत्रावर त्यांनी हात ठेवला आणि एकदम आवाज चढवला. म्हणाले, रक्ताबिक्ताचं काही नसतं हो! माझी मुलगी शास्त्रज्ञ आहे, तिने लिहून कळवलंय. एकाच घरातलं बी असलं तरी प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. घराण्यावर काही नसतं. ज्याला जिथे रुजायचं तिथे त्याला रुजू द्यावं!

टाळ्या पडल्या. काकांना स्वतःलाच ते एवढं आवडलं की शेवटचं वाक्य परत म्हणाले.

माझ्या हातात ट्रे होता. नळ नव्हता. मी म्हटलं, काका, मग मी उद्यापासून लछमनदास सेठकडे कामाला जाऊ?

कमळाकरकाका म्हणाले, अरे, ही बोलते! काकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. अख्खी सोसायटी त्यांच्याकडे बघत होती आणि वरून ते स्वतः पण. मग म्हणाले, जा की. मी कधी नाही म्हटलं?

कालपासून जाते. सेठ शिकवतात, घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा आणि थुंकायचा. मला थुंकायला लाज वाटते, त्यामुळे काल सगळा प्यायले आणि रात्रभर छताकडे बघत पडले. तुझा तो कॅफीनचा जीन एकदम जोरात आहे.

एक विचारायचं होतं. काका जे बोलले ते चूकच ना? तू तर लिहिलंस की तऱ्हा वेगळी ती जीनमुळेच, म्हणजे रक्ताचं काहीतरी असतंच. मला तिथेच कळलं होतं. पण मी त्यांना थांबवलं नाही. चुकीचं विज्ञान पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलत होतं.

आता हक्काने माया मागते, कमावती झाले.
तुझी,
शलाका

ता. क. — चि. हिमानी, अ. आ. हे पत्र मी वाचलेलं नाही, फक्त शुद्धलेखन तपासलं. शलाकाला चहाच्या क्षेत्रात मीच घातलं, याची नोंद असावी. दिवाळीला येशील तेव्हा बी आणू नकोस. कलम आण. — बाबा