नव्या पटावरचा फौजदार

निपाणी, मंगळवार

प्रिय कुमार,

गुडघा बरा आहे, जिना चढते. हे आधी सांगून टाकते, कारण फोनवर तू तेवढंच विचारतोस आणि ठेवतोस.

ऑपरेशननंतर तीन महिने घरात बसून काढले. तू आठ वर्षांपूर्वी माझ्याशी बुद्धिबळ खेळणं सोडलंस. मोबाइलशी खेळून पाहिलं, पण तो हरला तरी त्याचं तोंड उतरत नाही. मग शेजारच्या जयाबाईला शिकवायला घेतलं. तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलेली बाई. पहिल्याच दिवशी उंट हातात घेऊन म्हणाली, “निपाणीत उंट कुणी बघितलाय वो आक्का? इथलं कायतरी ठेवा की.” मला राग आला. दुसऱ्या दिवशी पटलं.

उंट गेला, त्याच्या जागी दुभाषी आला. आपल्या अर्ध्या पटावर तो तिरका चालतो, समोरच्या अर्ध्यात शिरला की घोड्यासारखा अडीच घरं. चिकोडीच्या बाजारात समोरचा कानडीत बोलायला लागला की आपल्या आप्पांची चाल कशी बदलायची, तसा. हत्तीच्या जागी कंडक्टर. तो सरळ जातो आणि पाठीमागचं प्यादं ओढून नेतो. त्यासाठी जयाबाईने नवऱ्याच्या खाकी कोटाची चार बटणं आणून दिली. वजिराच्या जागी मी माझा लाडका मोहरा बसवला, फौजदार. तो एकेक घर चालतो, मारत कुणालाच नाही. पण तो एकदा जागेवरून निघाला की त्याला लागून असलेल्या घरांतलं कुणीही हलू शकत नाही, आपलं असो की परकं.

“ह्यो कसला फौजदार? ह्यो तर आक्का हाय!” जयाबाई पोट धरून हसली. “तुम्ही गल्लीत आलासा की पोरं, म्हातारी, कुत्री, समदी जाग्यावर गप.” मी तिला पटाकडे बघायला सांगितलं. त्याच डावात माझा राजा फौजदाराला लागून उभा होता. तिच्या कंडक्टरने लांबून शह दिला. मधे घालायला काही नव्हतं, आणि राजाला सरकता येईना. “तुमच्याच आक्कानं धरून ठेवलाय की त्याला!” मात. तेव्हापासून तिने मला आणखी दोनदा हरवलं आहे. रोज दुपारी आम्ही नियमांवरून भांडतो, चहा पितो, उद्याचा नियम ठरवतो. खरं सांगते, इतके चांगले दिवस निवृत्तीनंतर गेले नव्हते.

पण तिच्या त्या बोलण्यानंतर मला तुझ्या सौम्याच्या साखरपुड्यातला डाव आठवत राहिला. टिळकवाडीतलं तुझं घर भरलेलं, संकेश्वरचे व्याही शेजारी बसून बघत होते. तू घोड्याला हात लावलास. मी म्हणाले, हात लागला, आता तोच चालव. तू म्हणालास, मी सांगून हात लावला, नुसता सरळ करायला. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, काही सांगितलं नाही, हा लहानपणापासून चाल परत घेतो. सगळे हसले. तू घोडा चालवलास, वजीर घालवलास आणि उठलास. त्यानंतर तू येतोस, ऊस-पाण्याचं बोलतोस, पट मात्र मागत नाहीस.

कुमार, तू ‘नीट ठेवतो’ म्हणाला होतास. हळू म्हणालास, पण मी ऐकलं होतं. मी हरत होते.

दरवर्षी पर्युषण संपलं की तू फोन करून ‘उत्तम क्षमा’ म्हणतोस, मीही म्हणते. ती सगळ्या जगाकडे एकदम मागितलेली क्षमा. ही तेवढ्यात बसत नव्हती, म्हणून पत्र. चारचौघांत खोटं बोलले, तेव्हा काल तुझ्या व्याह्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांना तो डाव आठवतही नव्हता. म्हणजे आठ वर्षं तो तुझ्या-माझ्याजवळच राहिला. रविवारी जेवायला ये. पट मांडणार नाही. तू म्हणालास तरच मांडीन.

तुझीच,
आक्का