वरच्या खाचराचं भात

कोइमतूरची छावणी,
कार्तिक, १९४५

तीर्थरूप आयेस कोंडाजीचा पायांवर माथा.

मी बरा हाय. जेवण पोटभर मिळतं. खोकलाही गेला. तुझे गुडघे कसे हायत? गाय व्याली का?

रजा मंजूर झाली. पण आये, मी कडावला घरी येत नाय. पलटणीतल्या आमी चौघांनी बेत केलाय. आधी निलगिरीचे डोंगर बघायचे, मग नावेतून खाडीनं जायचं आणि दर्याकाठी नुसतं पडून राहायचं. नावसुद्धा दुसरंच कोणी चालवणार. घरी आलो की विळा हातात येईल, म्हणून मी हो म्हणालो. लिहिताना लाज वाटते गं.

मी येऊन कापीन म्हणून तू वरच्या खाचराचं भात उभं ठेवलंस. ते कापून घे, दाणे गळतील.

सुलेमानभाई, आयेला पत्र तुमीच वाचून दाखवता. तुमच्या दुकानात माणसं असली तर हे वाचू नका. कोंडाजीला रजा मिळाली नाय, एवढंच सांगा.

पण तुमी तर इथवर मोठ्यानं वाचत आला असाल. सगळ्यांनी ऐकलंच असेल.

आये, तू मान खाली घालू नको. ती मी इथं घातली हाय.

तुझा
कोंडाजी