मौजवाडीचा वर्षाचा पास

६ एप्रिल, रविवार

वर्षाचा पास काढायचा की नाही? घरी येऊन आंघोळ झाली, जेवण झालं, तरी डोक्यात तेच.

शिवरंजनीची दहावी संपली म्हणून आज सगळे मौजवाडीला गेलो. तुळजापूरच्या पुढं हायवेला नवं झालंय ते. मोठमोठे पाळणे, घसरगुंड्या, लाटांचा हौद. अव्वालाही, माझ्या आईलाही, नेलं. ती हौदाच्या काठावर पाय सोडून बसली आणि लाट अंगावर आली की एकेका देवाला हाक मारायची! शेजारच्या अनोळखी बायकासुद्धा हसायला लागल्या. रंजू तर पाण्यातून निघायलाच तयार नाही. शिवप्रिया मात्र बाकावर, फोन कानाला. कोणाचा म्हटलं, तर "श्रीनाथचा". बहीण-भावाचं बोलणं, मी नवरा कशाला मध्ये पडू?

बाहेर पडताना रंजूनं बोर्ड दाखवला. वर्षाचा पास, अक्षय तृतीयेपर्यंत सवलत. "पप्पा, काढूया ना! चौघांचा." सहा वेळा गेलं की वसूल, असं काउंटरवरचा माणूस म्हणाला. पण आपण वर्षात सहा वेळा कुठं जातो? बहिणीकडंसुद्धा जात नाही.

म्हणालो, विचार करून सांगतो.

८ एप्रिल

आज स्टाफरूममध्ये विषय काढला. आमचे इतिहासाचे मच्छिंद्र सर म्हणाले, "सर, तुम्ही पास काढत नसता. स्टाफरूमचा पंखा दोनवर ठेवायचा का तीनवर, यावर तुम्ही एक तास घालवलेला माणूस!" सगळे हसले. मीही हसलो. पण विचार करणं हा काय गुन्हा आहे?

एक गोष्ट खरंच टोचते. अकरावीला भूगोल शिकवतो. भूजल पातळी, मराठवाडा, पाणलोट. फळ्यावर आकृती काढून सांगतो की जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं असतं. आणि मग जाऊन लाटांत डुंबायचं? तेही वर्षाचा पास काढून? मच्छिंद्र सरांच्या गावाला, बेंबळीला, मे महिन्यात काय हाल होतात ते त्यांच्याच तोंडून ऐकलंय. ते म्हणाले, "अहो, तुम्ही न्हाय गेलात म्हणून आमच्या नळाला पाणी येणारंय व्हय? जावा पोरीला घेऊन."

तरीपण.

९ एप्रिल

शिवप्रियाला विचारलं. म्हणाली, "कशाला? पुढच्या वर्षी कोणाला वेळ आहे?" मग हसून, "काढायचाच तर तुमचा आणि अव्वांचा काढा. जा दोघं लाटा खायला." रंजू ताटावरून उठून गेली. भाकरी अर्धी तशीच.

१३ एप्रिल, रविवार

मौजवाडीला फोन करून सगळे नियम विचारून घेतले. पासवर फोटो असतो. दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. न गेल्यास पैसे परत नाहीत. जेवताना सांगितलं. मला वाटलं, हे ऐकून रंजूचा उत्साह मावळेल. ती म्हणते, "म्हणजे एकदा काढला की काढला ना? मग काढाच, पप्पा!"

उलटंच! पोरांना हिशोबच कळत नाही.

मला मात्र वर्षाच्या गोष्टींची भीती वाटते. मागं व्यायामशाळेचं वर्षाचं भरलं होतं. गुडघा सुजला तरी शेवटच्या महिन्यापर्यंत गेलो, तिथं नुसता सायकलवर बसून यायचो. भरलंय तर जायला पाहिजे. शिवप्रिया म्हणायची, "पैसे गेले ते गेले, आता गुडघाही घालवता का?"

१४ एप्रिल

रंजूनं स्वतःचे फोटो काढून आणलेत. पाकीट माझ्या चष्म्याच्या घरात कोंबून ठेवलं होतं. चष्मा काढायला गेलो तर हातात तिचंच तोंड!

१९ एप्रिल

जवळजवळ ठरलं. काढायचा.

काल संध्याकाळी तिला गाडीवर मागं बसवून हातलाईच्या तलावापर्यंत गेलो होतो. भजी खाल्ली. ती शाळेतल्या बाईंची नक्कल करत होती, आणि मला एकदम वाटलं — बारावीनंतर ही कुठं जाईल कोण जाणे. पुणे, नाशिक, कुठंही. म्हणजे आपल्या हातात दोनच वर्षं. त्यातलं एक वर्ष तरी सहा वेळा तिच्याबरोबर हसायला जायचं ठरवून टाकावं. पाण्याचं जे टोचतं ते टोचू दे. सहा वेळा पाण्यात गेलो तर बाकी दिवस बादली अर्धी घेईन. (हा काही हिशोब झाला नाही, कळतंय मला.)

अक्षय तृतीयेला काढायचा. तोवर सांगायचं नाही, आयत्या वेळी पास हातात द्यायचे.

२२ एप्रिल

दुपारी श्रीनाथचा फोन. शिवप्रिया फोन उचलत नव्हती म्हणून मला केला.

"दाजी, पोरीची गादी आणू नका हां. मेसवाल्या बाईंकडंच मिळतीय. फक्त चादर-उशी आणा."

मी म्हणालो, "बरं."

"आणि चार तारखेला जेवायलाच या. पाचला अकरावीची बॅच चालू होतीय, आदल्या दिवशी सामान लावून होईल. पहिल्या लिस्टला नाव लागलं पोरीचं, नशीब! लातुरात या बॅचला लोक रांगा लावतेत."

मी पुन्हा म्हणालो, "बरं." वर "थँक्यू" पण म्हणालो!

का म्हणालो? मला काही माहीत नाही हे त्याला कळू नये म्हणून. माझ्या घरात माझी काय जागा आहे ते मेव्हण्याला दिसू नये म्हणून. खोटं त्यांनी केलं आणि झाकलं मी.

लातूर. चार मे. गादी नको.

२३ एप्रिल

अव्वा देवळात गेल्यावर शिवप्रियाला विचारलं. नाकारलं नाही तिनं. पदरानं हात पुसले आणि सरळ समोर बसली.

"सांगणारच होते."

"कधी? सामान रिक्षात ठेवल्यावर?"

"तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही अजून विचारच करत असता. माझं बी.एड. असंच गेलं. लांब पडेल का, पोरगी लहान आहे, पुढच्या वर्षी बघू का — तुमचा विचार होईपर्यंत मुदत संपली. मी काही बोलले का तेव्हा? पण पोरीचं तसं होऊ देणार नाही."

ती खोटं बोलत नव्हती.

"रंजूला माहीत आहे?"

"प्रवेशाची परीक्षा दिली की तिनं. मार्चात मामाकडं गेलो होतो ना, तेव्हाच. तिची पूर्ण तयारी आहे."

मार्चात. मीच दोघींना स्टँडवर सोडलं होतं. खिडकीतून केळी दिली होती. रंजू म्हणाली होती, "पप्पा, जेवण वेळेवर करा." आणि पिशवीत परीक्षेचं पॅड!

बायकोचं समजू शकतो. तिला माझा राग येण्यासारखं मी वागलोय. पण पोरगी? चौदा तारखेला माझ्या चष्म्याच्या घरात फोटो ठेवणारी पोरगी? वर्षभर जाऊ म्हणते — आणि तिला पक्कं माहीत, की वर्षभर ती इथं नाही. मला गुंतवून ठेवायला? खेळणं दिलं की पोर रडायचं थांबतं, तसं?

२५ एप्रिल

लातूरला पाठवणं चूक आहे का, यावर दोन दिवस प्रामाणिकपणे विचार केला. चूक आहे असं म्हणता येत नाही. पोरगी हुशार आहे. इथल्यापेक्षा तिथं बरं शिकवतात, हे मीच दुसऱ्या पोरांच्या पालकांना सांगत आलोय. मग कुठल्या तोंडानं अडवू? नुसतं मला विचारलं नाही म्हणून? शिवप्रियाला सांगितलं, "न्या."

संध्याकाळी रंजू दारात. "पप्पा, पासाचं काय झालं?"

मी तिच्याकडं बघत राहिलो. चेहरा अगदी निरागस. तिथल्या तिथं विचारावंसं वाटलं. पण विचारलं असतं तर तिनं तोंडावर खोटं सांगितलं असतं, आणि तेवढं मला सोसलं नसतं.

"बघू," म्हणालो.

२७ एप्रिल

आज दोनदा विचारलं तिनं. सकाळी एकदा, झोपताना एकदा. किती सफाईनं!

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. बसव जयंतीची मिरवणूक दारावरून गेली. अव्वानं आमरस केला होता. घरात सणासारखा सण, आणि कोणी कोणाकडं बघेना.

जेवण झाल्यावर रंजू आली. हातात फोटोचं पाकीट. "पप्पा, आज शेवटचा दिवस आहे. ऑनलाइनपण होतंय. फक्त तुमच्या फोनवर एक नंबर येईल, तो सांगायचा." आवाज कापत होता. मला वाटलं, चोरी पकडली जायची भीती.

मी म्हणालो, "वर्षभर घरी राहणाऱ्यांसाठी असतो तो पास."

तिच्या तोंडावरचा रंगच गेला. मला माहीत आहे, हे तिला कळलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिनं, आईकडं पाहिलं, आणि आत निघून गेली.

मला बरं वाटलं. इथं तरी खरं लिहायला हवं — बरं वाटलं.

४ मे, रविवार

लातूरला सोडून आलो. खोलीत तिघी पोरी, तीन खाटा, एक खिडकी. शिवप्रिया रडली. रंजू रडली नाही. निघताना माझ्या पाया पडली, पाहुण्यांच्या पडतात तशी. मी "अभ्यास कर" म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बोललो नसतो.

७ मे

तिनं फोन केला. आईशी बोलली, आजीशी बोलली. माझ्यासाठी निरोप — पप्पांना सांग, ठीक आहे.

११ मे, रविवार

दुपारी अव्वा लसूण सोलत बसली होती. मी म्हणालो, "अव्वा, नातीनं फसवलं बघ मला. निघायचं ठरलेलं, आणि वर्षाचा पास मागत होती." अव्वानं सोलणं थांबवलं. म्हणाली, "येड्या, तिला कुठं जायचं व्हतं? आईच्या धाकानं परीक्षा दिली पोरीनं. रडत व्हती माझ्यापशी. म्हनली, 'आज्जी, पप्पांनी एकदा पैशे भरले की ते वाया जाऊ देत न्हाईत. पास काढला की मला कुठं धाडत न्हाईत बघ.' तिच्या आईनं तिला न सांगायची शपथ घातलीवती, अन् तिनं मला."

अव्वानं एक पाकळी सोलून बाजूला ठेवली. मग ती म्हणाली, "पास घ्यावा का, म्हनून समद्या गावाला इचारलास. पोरीला इचारलास का — कशाला पायजे, म्हनून?"